वाकून दाखव

साहेबांनी मला आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर ‘वाक’. नमस्कारासाठी नव्हे. कुणी पायाबिया पडलेलं त्यांना चालत नसे, पाय चटकन मागे घेत आणि म्हणत, "तिथं काय आहे बघायला? बूट आहेत." वाकायचं ते कोट घालून. पावसाळी कोटाचा नवा नमुना आला की तो माझ्या अंगावर चढवला जाई, मला ऑफिसच्या अंगणाच्या टोकाला उभं केलं जाई, आणि साहेब टायची गाठ सारखी करत लांबून ओरडत, "वाक! अजून वाक! खड्डा खणायलायस असं वाक!"

हे नव्वदच्या दशकातलं. बेंगळुरूत ज्याला त्याला घरात फोन हवा होता आणि त्यापायी शहरभर रस्ते उकरून केबल टाकणं चाललं होतं. आमची कंपनी त्या खोदाईची ठेकेदार. बसवनगुडीत एका जुन्या घरात ऑफिस, पुढे ऐसपैस अंगण, अंगणात केबलची लाकडी रिळं आणि एक जीप. मी साताऱ्याहून आलेला, डिप्लोमा झालेला, नवाकोरा. साहेब स्टोअरचे आणि खरेदीचे प्रमुख. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. ऑफिसात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे त्यांना बोलायला माणूस मिळाला आणि कोट अडकवायला खुंटीही.

माणूस उंच, ताठ, पाठीत काठी घातल्यासारखा. उन्हाळा असो की पाऊस, टाय. छत्रीचा भयंकर तिटकारा. "छत्री घेतली की एक हात गेला. मग उरलेल्या हातानं काय करणार, टाळी?" असं म्हणत आणि भिजत घरी जात. जेवणाच्या डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यातली अर्धी माझ्या ताटात टाकत, पण विचारून नाही. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "तुला नाही दिली. ताटाला दिली."

गोड माणूस होते असं मी म्हणणार नाही. कारकुनांवर ओरडत. कुणी रजा मागितली की आजाराचं वर्णन करायला लावत. आपलं चुकलं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा त्यांनी सगळ्या मजुरांसाठी एकाच मापाचे गमबूट आणले, आणि ते मोठे होतात म्हटल्यावर, "पाय वाढतील" असं म्हणाले होते. सगळे चाळीशीचे बाप्ये!

पण कोटाच्या बाबतीत त्यांचं काहीतरी वेगळंच होतं. दुकानदार म्हणाला ‘वॉटरप्रूफ’, की हे त्या कोटाच्या बाहीचं तोंड सुतळीनं आवळून बांधत, वरून तांब्यातांब्यानं पाणी ओतत आणि ती फुगलेली बाही खिडकीच्या गजाला टांगून ठेवत. खाली अकाउंटंटचं टेबल. शिवणीतून थेंब टपकायला लागले की तो बिचारा कागद गोळा करून उठे आणि साहेब खूश होत, "बघ की, सुईच्या भोकातनं येतंय! कापड चांगलं आहे, सुई वाईट." दुसरी परीक्षा म्हणजे स्वतः दिवसभर कोट घालून टेबलाशी बसणं. भर एप्रिलात. घामाच्या धारा लागलेल्या, वर टाय, समोर भाकरी. "उकडलं की माणूस कोट काढतो," ते सांगत. "काढला की कोट खुंटीवर दिसतो. माणूस कुठं दिसतो?"

रंगावरून तर महिनाभर वाद. वाद म्हणजे ते बोलत, मी ऐके. पिवळा नको, कारण पिवळं काही दिसलं की लोकांना ऑटो वाटतो. हिरवा नको, झाडं कमी आहेत होय या गावात? केशरी बरा, पण मग ते एकदम थबकले. "गुलमोहर फुलतो तेव्हा काय करायचं?" मी म्हटलं, "साहेब, गुलमोहर मे महिन्यात. पाऊस नंतर." ते विचारात पडले आणि म्हणाले, "सरी, बरोबर. मग केशरी."

हे सगळं का करता, असं एकदा मी विचारलं. म्हणाले, लहानपणी मेळ्यात हरवलो होतो. पुढे दुसऱ्या कुणी विचारलं तर सांगितलं, बायकोला केशरी आवडतो. जीपच्या ड्रायव्हरला तिसरंच काही. खरं कारण असं काही नव्हतंच, असं आता मला वाटतं. रस्त्यावर वाकलेला माणूस त्यांना दिसायचा, एवढंच. आम्हाला दिसत नव्हता.

कारण त्यांची तिसरी आणि खरी परीक्षा ती वाकायची. कोटावर चमकपट्टी असते, गाडीच्या दिव्याचा उजेड पडला की चांदीसारखी लखलखणारी. बाजारातल्या सगळ्या कोटांवर ती छातीवर आणि पाठीच्या मधोमध असे. साहेब मला लांब उभं करत, जीपचे दिवे लावायला सांगत आणि पाऊल पाऊल मागे जात ओरडत, "दिसायलास... दिसायलास... दिसायलास..." जोवर दिसे तोवर हा गजर चाले. मग "वाक!" मी वाकलो की एकदम शांत. तेवढ्यावरून कळायचं, कोट नापास. पाठीवरची पट्टी सपाट होऊन वर गेलेली असायची.

"पट्टी आभाळाला दिसायलीय," ते तणतणत येत. "लॉरी आभाळातून येणार होय? उभा माणूस कुणालाही दिसतो रे. आमची माणसं उभी कधी असतात?"

शेवटी चामराजपेटेत त्यांना एक शिवणारा सापडला. लॉरीच्या ताडपत्र्या आणि स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायचा. सगळे त्याला भाई म्हणत. साहेबांनी त्याच्याकडून केशरी कोट शिवून घेतला. शिवणीला आतून पट्टी चिकटवलेली, काखेत वारा जायला भोकं, आणि चमकपट्टी खांद्यांवर, मनगटांवर, मागे पार खालच्या काठाला. भाई तो कोट हातात धरून बघत राहिला. "साब, ये कोट है कि बारात का घोड़ा?"

"घोडाच पाहिजे," साहेब म्हणाले. "बारातीत घोड्याला कुणी धडकत नाही."

खरं म्हणजे तो कोट दिसायला बेढबच होता. संध्याकाळी साहेब तो हातावर टाकून मला घेऊन जीपनं खोदाईवर गेले. तिथल्या टोळीत यल्लव्वा होती. विजापूरकडची. नवरा खणायचा, ही घमेलं भरून चिखल वर काढायची. सगळ्या टोळीत तिचा आवाज मोठा. साहेबांनी तिला कोट दिला. तिनं तो लुगड्यावर चढवला, पदर वरून खोचला, हात पसरून एक गिरकी घेतली. टोळी हसायला लागली.

"स्वल्प बग्गम्मा," साहेब म्हणाले. जरा वाक, बाई.

ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. नवऱ्यानं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढलेल्या वर्षांत तिला मराठी कळायला लागलं होतं, थोडं बोलताही यायचं. "अप्पा, तुम्ही वाका की आधी," ती म्हणाली. "रोज आम्हीच वाकायचं होय?"

परत हशा. साहेबांनी टायला हात लावला. "मला वाकायचं काम नाही. तुला आहे."

"मग कोट मला विचारून घ्या," असं म्हणून ती वाकली, घमेलं भरलं, वर दिलं, पुन्हा वाकली. साहेब जीपचे दिवे लावायला सांगून रस्त्याच्या उताराला मागे मागे जात होते. "दिसायलीस... दिसायलीस..." बसवाले, सायकलवाले थांबून बघत होते. ती वाकलेली असतानाही गजर थांबला नाही. ते पार वळणावर गेले, तिथून त्यांचा आवाज बारीक ऐकू येत होता, अजून चालूच.

परत येताना ते मुलाचा निकाल लागल्यासारखे दिसत होते.

आता माझ्याबद्दल. मी नकला चांगल्या करायचो. शाळेपासूनची खोड. ऑफिसात भाषा जुळत नव्हती, मित्र नव्हते. नकलेनं मित्र मिळाले. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणायचं, "साहेब करून दाखव." मी ताठ व्हायचो, नसलेल्या टायची गाठ सारखी करायचो, मागे मागे जात "दिसायलास... दिसायलास..." करायचो, मग एकदम "वाक!" मराठीचा गंध नसलेल्या माणसांना हे दोनच मराठी शब्द पाठ झाले होते. जिन्यात एकमेकांना भेटले की ‘दिसायलास’ म्हणायचे. वार्षिक जेवणाच्या दिवशी, साहेब लवकर घरी गेल्यावर, मी ते जनरल मॅनेजरांपुढेही केलं. ते उत्तरेकडचे, गंभीर गृहस्थ. तेही हसले. तेव्हापासून मला नावानं हाक मारू लागले. मला फार बरं वाटलं होतं.

साहेबांचं अन्न मी रोज खात होतो, हेही लिहून ठेवतो.

पाऊस तोंडावर आला आणि मॅनेजरांनी एक तयार कोट मागवला. मुंबईच्या व्यापाऱ्याचा. पोपटी-पिवळा, तलम, परदेशी वाटणारा, पाणी अजिबात न धरणारा. पट्टी छातीवर आणि पाठीवर. मॅनेजर म्हणाले, दोन्ही कोट अंगणात दाखवा, आजच ठरवून टाकू.

संध्याकाळ झाली होती, भुरभुर चालू होती. सगळे व्हरांड्यात चहाचे कप घेऊन उभे. आधी मी भाईचा कोट घालून दाखवला, मग तयार कोट चढवला. साहेब अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जीपपाशी, भिजत. ड्रायव्हरनं दिवे लावले. मी व्हरांड्याच्या पायरीपाशी. साहेबांचा गजर सुरू झाला, "दिसायलास... दिसायलास..." व्हरांड्यात दोघेतिघे आधीच तोंड दाबून उभे होते. मला ते कळत होतं. त्यांचे डोळे माझ्यावर होते, आता हा काय करतो म्हणून.

मग साहेबांनी ड्रायव्हरला दिवा जरा खाली कर म्हणून सांगायला पाठ फिरवली आणि तसेच पाठमोरे ओरडले, "आता वाक!"

मी वाकलो. वाकल्या वाकल्या मान वर करून, एक हात गळ्याच्या गाठीला, व्हरांड्याकडे बघत त्यांच्याच आवाजात म्हणालो, "दिसायलास! लॉरी आभाळातून येणार होय?"

अख्खा व्हरांडा फुटला. अकाउंटंटच्या कपातला चहा सांडला. मॅनेजर खांबाला धरून हसत होते. तिकडून साहेब काहीतरी ओरडत होते. काय ते मला ऐकू आलं होतं, कारण व्हरांड्यातल्या लोकांपेक्षा मी त्यांच्या जवळ होतो. ते म्हणत होते, "गेला! वाकल्यावर गेला हा! दिसेना!" हशात ते बुडून गेलं. ते धापा टाकत आले, चष्म्यावर पाणी, म्हणाले, "सर, वन्स मोअर. तुम्ही तिथं येऊन बघा." मॅनेजर डोळे पुसत म्हणाले, "अरे छोड़िए साहब, बढ़िया तो है. यही मँगवा लो."

साहेब सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काहीतरी झालंय एवढं त्यांना कळलं होतं. नंतर जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"काय झालं होतं रे? कशाला हसले?"

"काही नाही साहेब. असंच."

"कोटाला हसले होय?"

"हो. कोटालाच."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या ताटात होतीच.

यल्लव्वाला टेम्पोनं उडवलं तो पावसाचाच दिवस होता, दिवेलागणीची वेळ. चामराजपेटेतच, भाईच्या दुकानापासून फार लांब नाही. ती खड्ड्याच्या काठाला वाकून घमेलं ओढत होती. अंगात तोच पोपटी कोट. टेम्पोवाला रडत रडत एकच सांगत होता, काहीच नव्हतं हो समोर, काहीच नव्हतं. लोक म्हणाले, प्यायलेला असेल. नव्हता. मला माहीत होतं तो खरं बोलतोय.

ती वाचली. पण उजवा हात खांद्यापासून कामातून गेला. कंपनीनं जे करायचं ते केलं असं म्हणतात, आणि नवरा-बायको गावी परत गेली. मी इस्पितळात एकदा गेलो होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत. आतून तिचा आवाज ऐकू आला, पूर्वीसारखाच मोठा, नर्सशी भांडत होती. मी तसाच परत फिरलो.

साहेब मला, मॅनेजरना, कुणालाच काही म्हणाले नाहीत. ‘मी सांगत होतो’ हे तीन शब्द मी रोज सकाळी ऐकायची तयारी करून ऑफिसला जायचो. आले नाहीत. त्यांनी सगळे पोपटी कोट गोळा केले आणि जीपमधून भाईकडे नेले. मी हिशेबाच्या निमित्तानं तिथं गेलो, तर हा ताठ माणूस टायसकट दुकानाच्या जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि ब्लेडनं पाठीवरच्या पट्ट्या उसवत होता. त्याच पट्ट्या भाई खांद्यांवर आणि मागच्या काठाला शिवत होता. मला बघून साहेब म्हणाले, "बस की. ब्लेड आहे अजून एक." मी बसलो. मीही पट्ट्या उसवायला लागलो. कोट शिवून झाला की ते तो बाजूला ठेवत होते. मला घालायला सांगितला नाही. त्या दिवसानंतर त्यांनी मला ‘वाक’ म्हटलं नाही.

नक्कल मी सोडली. चहाच्या वेळी पुढे कुणी म्हणायचं, "कर ना," तर मी घसा बसलाय म्हणायचो. वर्षभरात नोकरीही बदलली.

त्याच दशकाच्या शेवटाला साहेब निवृत्त होऊन देवनहळ्ळीला राहायला गेल्याचं कळलं. शेतांचे प्लॉट पाडायला नुकती सुरुवात झाली होती; स्वस्तात एक तुकडा घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. मी बसनं गेलो. आपण होऊन सगळं सांगायचं, असं ठरवून. काकूंनी दार उघडलं. साहेब बाजेवर बसले होते, टाय नव्हता. टायशिवायची त्यांची मान मी पहिल्यांदाच बघितली. बारीक होती.

"आलास होय," म्हणाले. भाकरी झाली, चटणी झाली. द्राक्षांच्या बागा तोडून प्लॉट करतायत त्यावर त्यांनी शिव्या घातल्या. मी भाकरीचे तुकडे करत राहिलो. काकू भांडी घेऊन आत गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि साध्या आवाजात विचारलं, "ती नक्कल करून दाखव की."

मी दाराकडे बघितलं.

"माझी. ड्रायव्हरनं सांगितलं मला मागाहून. त्या दिवशी मी पाठमोरा होतो, मला बघायलाच मिळाली नाही. सगळ्यांनी बघितली."

"साहेब, मी..."

"कर की. ऊठ."

ते रागावलेले नव्हते. नमुना आल्यावर कोटाकडे बघायचे तसे माझ्याकडे बघत होते. मी उठलो. त्या छोट्या खोलीत भिंतीपर्यंत मागे गेलो, हात गळ्याशी नेला, "दिसायलास" म्हणालो. माझा आवाज माझाच येत होता.

"हं, मी असं म्हणत नाही," साहेब म्हणाले. "लांबवतो मी. दिसायलाऽस. परत."

मी परत केलं.

"आता वाकून ते. आभाळातलं."

मी वाकलो. मान वर केली आणि ते वाक्य म्हणालो. ते टक लावून बघत होते, तोंडावर हसू नाही, काही नाही. वाकलेल्या मला सरळ व्हायचं सुचेना.

"एवढ्यावरच हसले होय सगळे?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

ते स्वतःच्या पायांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "यल्लव्वा म्हणाली होती मला, तुम्ही वाका आधी. तो पोपटी कोट मी घालून त्या पावसात वाकायला पाहिजे होतं रे. मला कुणी हसलं नसतं. हसले असते तरी, मॅनेजरला खाली जीपपाशी बघायला तरी पाठवलं असतं मी. मी टाय सांभाळत बसलो." मग मान वर करून म्हणाले, "सरळ हो आता. पाठ धरेल."

माफी मागायला मी गेलो होतो. ती मागायची राहिलीच. त्यांनी आपलीच चूक बाजेवर मांडून ठेवली आणि माझी ठेवायला जागा उरली नाही. मागितली असती तर ‘बरं’ म्हणाले असते बहुधा, आणि पुढ्यात आणखी चटणी वाढली असती. एवढंही मला जमलं नाही. पुढे त्यांच्याकडे परत कधी गेलोच नाही. ते गेल्याचंही दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

निघालो तेव्हा उजेड उतरत होता, भुरभुर लागली होती. ते फाटकापर्यंत आले. काकूंनी छत्री पुढे केली तर त्यांनी तीच बारीक मान हलवली, "नको, एक हात जातो." बसथांब्याकडे जाणारा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना प्लॉटचे पांढरे दगड. माझ्या अंगात साधा राखाडी शर्ट. मी चालत होतो आणि कान मागे होते. आता ‘दिसायलास’ अशी हाक येईल, आता येईल. वळणापाशी पोचलो तरी आली नाही. वळून पाहिलं, तर साहेब फाटकात भिजत उभे होते, कपाळावर हात आडवा धरून, मी होतो त्याच दिशेला बघत.